पडद्यावरचे धाडस आणि न दिसणारा दोर

मे महिन्यात नागपुरात भर दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. पारा ४५ अंशांच्या घरात गेलेला असतो. कूलरच्या टाकीत पाणी ओतता ओतता घरच्या बाईचे कंबरडे मोडते आणि शाळेला सुट्टी लागलेली पोरे चार भिंतींत कोंडली जातात. अशा वेळी टीव्हीचाच काय तो आधार. त्यातही मुलांच्या विशेष आवडीचे म्हणजे धाडसाचे कार्यक्रम. कोणी एक गोरा गडी घनदाट अरण्यात एकटाच उतरतो, झाडाच्या सालीखालच्या अळ्या कचाकचा चावून खातो, फेसाळत्या नदीत उडी घेतो, दोन काड्या घासून विस्तव पेटवतो. दुसऱ्या वाहिनीवर सिनेमा-मालिकांतले नट-नट्या उडत्या हेलिकॉप्टरला लोंबकळतात, नाही तर सापांनी भरलेल्या पेटीत हात घालतात. पोरे डोळ्यांची पापणी न लववता पाहत असतात आणि मधेच एखादे विचारते, "बाबा, हा खरंच एकटा राहते का जी जंगलात?"

या प्रश्नाला आमच्या घराघरांतून दोन उत्तरे मिळतात. एक बाप म्हणतो, "सारं खोटं आहे, बंद कर आणि पुस्तक घे." दुसरा म्हणतो, "पाहा, माणूस असावा तर असा!" आम्हाला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. सारेच खोटे म्हणणाऱ्याला विचार करावा लागत नाही आणि सारेच खरे मानणाऱ्यालाही करावा लागत नाही. खरे काय आणि रचलेले काय, हे वेगळे काढून पाहायला थोडे कष्ट पडतात. ते कष्ट आज आपण घेऊ या.

कॅमेरा कुठे उभा आहे?

सुरुवात अगदी साध्या प्रश्नापासून करू. पडद्यावर एक माणूस उंच कड्यावर चढतो आहे. या वाटेने आजवर कोणी गेले नाही, असे तोच आपल्याला सांगतो आहे. आणि आपल्याला त्याचा घामेजलेला चेहरा वरून दिसतो आहे. मग वर कोण उभे आहे? कॅमेरा धरणारा माणूस त्याच्या आधी वर पोहोचला, तो कोणत्या वाटेने? नदी पार करणारा नायक समोरून दिसतो, तेव्हा पलीकडच्या काठावर कॅमेरा आधीच नेऊन ठेवलेला असतो. रात्रीच्या अंधारात त्याचा चेहरा दिसतो, तेव्हा उजेडाची सोय कोणी तरी केलेली असते.

म्हणजे 'एकटा' हा शब्द पहिल्या दृश्यातच गळून पडतो. अशा चित्रीकरणाला कॅमेरा चालवणारे असतात, आवाज टिपणारे असतात, दोर बांधणारे जाणकार असतात, प्रथमोपचाराची व्यवस्था असते, आणि त्या रानाची नस ओळखणारे स्थानिक लोक असतात. कॅमेरावाल्याचे तर आम्हाला नवल वाटते. नायक जी घसरडी वाट मोकळ्या हाताने चढतो, तीच वाट हा गडी खांद्यावर ओझे घेऊन, पुष्कळदा उलट्या पावलांनी चालत, डोळा भिंगाला लावून चढतो. धाडस कोणाचे मोठे? पण त्याचा चेहरा आपल्याला कधीच दिसत नाही.

आमच्या वस्त्यांना हा प्रश्न नवा वाटू नये. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना श्याम मानव यांनी १९८२ साली याच नागपुरात केली. हवेतून अंगारा काढणे, जिभेवर जळता कापूर ठेवणे, असले 'चमत्कार' कार्यकर्त्यांनी गावोगाव करून दाखवले आणि मग त्यामागची युक्तीही उलगडून सांगितली. कोणत्याही बाबाच्या हातातला अंगारा आला कुठून, हे विचारायला आमच्या लोकांना त्यांनी शिकवले. तीच नजर आता टीव्हीकडे वळवायची आहे.

२००७ साली काय उघडकीस आले

बेअर ग्रिल्स हे नाव आता आमच्या पोरांनाही पाठ आहे. हे ब्रिटिश गृहस्थ पूर्वी लष्कराच्या विशेष दलाच्या राखीव तुकडीत होते. २००६ पासून 'मॅन व्हर्सेस वाइल्ड' या नावाने त्यांचा कार्यक्रम डिस्कव्हरी वाहिनीवर सुरू झाला. ब्रिटनमध्ये तोच 'बॉर्न सर्व्हायव्हर' या नावाने चॅनल फोरवर दाखवला जाई. निर्जन जागी एकटे सापडले तर जीव कसा वाचवावा, हे ते करून दाखवत.

२००७ च्या जुलै महिन्यात ब्रिटनच्या वृत्तपत्रांत बातम्या झळकल्या. कार्यक्रमासाठी काम केलेल्या एका सल्लागारानेच आतली हकीकत सांगितली होती. रानात मुक्काम दाखवलेल्या काही रात्री प्रत्यक्षात हॉटेलात गेल्या होत्या. निर्जन बेट म्हणून जे दाखवले, ते चित्रीकरण हवाई बेटांवर झाले होते. तेथे नायकाने बांधलेला तराफा आधी चमूने बांधून पाहिला होता, मग सोडून टाकला आणि पुन्हा नायकाच्या हाताने बांधून घेतला. एका भागात 'रानटी' म्हणून दाखवलेले घोडे पाळीव निघाले, ते भाड्याने आणले होते.

पुढे जे झाले ते महत्त्वाचे आहे. चॅनल फोरने चौकशी केली. डिस्कव्हरीने आधीचे भाग दुरुस्त केले आणि कार्यक्रमाच्या आरंभी एक सूचना घालायला सुरुवात केली. जिवाला धोका असेल तेथे नायकाला आणि चमूला मदत मिळते, तसेच जगण्याच्या युक्त्या दाखवता याव्यात म्हणून काही प्रसंग मुद्दाम उभे केले जातात, असा त्या सूचनेचा आशय होता. म्हणजे जी गोष्ट कॅमेऱ्यामागे होती, ती दोन ओळींत पडद्यावर आली. कार्यक्रम बंद पडला नाही, उलट पुढेही वर्षानुवर्षे चालला. यातून एक गोष्ट सिद्ध झाली. खरे सांगितल्याने प्रेक्षक पळून जात नाही.

हाच कार्यक्रम नंतर आपल्या देशातही आला. १२ ऑगस्ट २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्यासोबत उत्तराखंडच्या जिम कॉर्बेट उद्यानात चित्रित केलेला भाग प्रसारित झाला. पंतप्रधान हिंदीत बोलत होते, ग्रिल्स इंग्रजीत बोलत होते, आणि दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या! ग्रिल्सना हिंदी कधीपासून येते, असे लोक विचारू लागले. त्याच महिन्यात २५ तारखेला 'मन की बात' मध्ये पंतप्रधानांनीच उलगडा केला. ग्रिल्स यांच्या कानात एक बिनतारी यंत्र बसवलेले होते आणि हिंदीचे इंग्रजी भाषांतर तत्काळ त्यांच्या कानी पडत होते.

यात कोणाची फसवणूक झाली असे आम्ही म्हणणार नाही. देशाच्या पंतप्रधानांभोवती पहारा असणार, हे शेंबड्या पोरालाही कळते. पण या प्रसंगात शिकण्यासारखे आहे. दोन माणसे जंगलात बोलत आहेत एवढेच आपल्याला दिसले. त्यांच्यामध्ये भाषांतर करणारे तिसरे कोणी तरी होते, ते दिसले नाही. दिसत नाही म्हणून ते नव्हतेच, असे मात्र म्हणता येत नाही.

सगळी मांडणी सारखी नसते

सोंग आणि सोय यांत फरक आहे, तो मुलांना नीट समजावून सांगितला पाहिजे.

पहिला प्रकार जीव वाचवण्याच्या सोयीचा. दोर, पट्टा, पाण्याखाली तयार असलेले पाणबुडे, जवळ थांबलेला डॉक्टर. ही सोय असलीच पाहिजे. कलर्स वाहिनीवर २००८ पासून आलेल्या 'खतरों के खिलाडी' मध्ये कमरेचा पट्टा आणि दोर बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतो. तो दिसतो हे चांगलेच आहे.

दुसरा प्रकार पुन्हा करून दाखवण्याचा. अमेरिकेत २००० साली 'सर्व्हायव्हर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. माणसांना दूरच्या बेटावर ठेवायचे, शर्यती लावायच्या आणि मते घेऊन एकेकाला बाहेर काढायचे, असा तो खेळ. पोहण्याच्या एका शर्यतीचे वरून दिसणारे दृश्य बदली माणसे घेऊन पुन्हा चित्रित केले होते, हे निर्माते मार्क बर्नेट यांनी २००१ साली उघडपणे मान्य केले. वरून घेतलेल्या चित्रात पाण्यातले कॅमेरे दिसू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू होता आणि शर्यतीच्या निकालात त्याने फरक पडला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. निकालाची गोष्ट अमेरिकेत फार गंभीरपणे घेतली जाते. १९५० च्या दशकात तेथील टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषांत स्पर्धकांना उत्तरे आधीच पुरवल्याचे उघडकीस आले, मोठा गदारोळ झाला, आणि १९६० साली स्पर्धेचा निकाल आधीच ठरवून प्रेक्षकांना फसवणे हा कायद्याने गुन्हा ठरला. निकालाभोवतीची बाकीची सजावट मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

तिसरा प्रकार जागा बदलण्याचा. २०११ साली बीबीसीच्या 'फ्रोझन प्लॅनेट' या मालिकेत बर्फाखालच्या गुहेत ध्रुवीय अस्वलाची नवजात पिल्ले दाखवली. ते चित्रीकरण नेदरलँड्समधील एका प्राणिसंग्रहालयात झाले होते, हे कळल्यावर लोक रागावले. निवेदक डेव्हिड ॲटनबरो यांनी उत्तर दिले की, खऱ्या गुहेत कॅमेरा घुसवला असता तर पिल्लांच्या जिवावर बेतले असते. आम्हाला त्यांचे म्हणणे पटते. बीबीसीने आपल्या संकेतस्थळावर ही माहिती दिलेलीही होती. प्रश्न उरतो तो एवढाच, की कार्यक्रम पाहत बसलेल्या माणसाला ती त्याच वेळी का सांगू नये?

आणि चौथा प्रकार शुद्ध लबाडीचा. डिस्ने कंपनीचा 'व्हाइट विल्डरनेस' हा १९५८ चा माहितीपट. त्याला ऑस्करही मिळाला. लेमिंग नावाचे उंदरासारखे छोटे प्राणी झुंडीने समुद्रात उड्या घेऊन जीव देतात, असे त्यात दाखवले. पुढे १९८० च्या दशकात कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने शोध घेतला, तेव्हा सारेच बाहेर आले. चित्रीकरण झाले होते अल्बर्टा प्रांतात. तेथे समुद्रच नाही! प्राणी दुसरीकडून विकत आणले होते, फिरत्या चकतीवर ठेवून त्यांची झुंड भासवली होती आणि शेवटी त्यांना नदीत लोटून दिले होते. लेमिंग असा जीव देत नाहीत. पण त्या खोट्यामुळे जगभरच्या कोट्यवधी लोकांच्या डोक्यात एक चुकीची समजूत घर करून बसली. एका खोट्या चित्राने काय होऊ शकते, त्याचा हा पुरावा.

मुले काय उचलतात?

कोणी म्हणेल, करमणूकच आहे ना, मग एवढी उस्तवार कशाला? कारण मूल जे दिसते तेवढेच उचलते. उडी दिसते, पण खाली टाकलेली जाळी दिसत नाही. रानातली अळी खाणे दिसते, पण ही विषारी नाही हे आधी पाहून ठेवणारा जाणकार दिसत नाही. नदीतली झेप दिसते. त्या डोहाची खोली आधी कोणी मोजली आणि खडक कुठे आहेत हे कोणी पाहिले, ते दिसत नाही. 'हे घरी करून पाहू नका' अशी ओळ येते खरी, पण ती बारीक अक्षरांत येते आणि लगेच निघून जाते. नायकाचा चेहरा मात्र पडदाभर असतो.

त्यात आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आलेला आहे. म्हणजे पूर्वी जो नुसता प्रेक्षक होता, तो आता नायकही व्हायला निघाला आहे. ९ जुलै २०१७ चा रविवार नागपूरकर विसरणार नाहीत. शहराजवळच्या वेणा जलाशयात तरुणांची नाव उलटली. बुडण्याच्या काही वेळ आधी त्यांनी नावेतूनच मोबाइलवर थेट चित्रण केले होते. हसती-खेळती तरणीताठी पोरे त्यात दिसत होती. कितीतरी घरांत त्या रात्री चूल पेटली नाही. त्या पोरांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही, मेलेल्या लेकरांना कोणता दोष द्यायचा? पण अंबाझरी असो, फुटाळा असो की कन्हानचे पात्र असो, पाण्याच्या काठी मोबाइल समोर धरून मागे मागे सरकणारी मुले पाहिली की छातीत धस्स होते. टीव्हीवरच्या माणसामागे दोर धरणारे हात असतात. या लेकरांच्या मागे कोणीच नसते.

एव्हरेस्ट: एक खोटे, एक खरे

आपल्या महाराष्ट्राचेच दोन दाखले देतो.

२०१६ च्या मे महिन्यात पुणे पोलीस दलातील एका दांपत्याने एव्हरेस्ट सर केल्याचे जाहीर केले. छायाचित्रे छापून आली, हारतुरे झाले. पुण्याच्या गिर्यारोहकांना संशय आला. छायाचित्रे तपासली तेव्हा ती बंगळुरूच्या एका गिर्यारोहकाच्या छायाचित्रांत फेरफार करून बनवल्याचे निष्पन्न झाले. नेपाळ सरकारने त्यांची प्रमाणपत्रे रद्द केली आणि दहा वर्षांची बंदी घातली. पुढच्या वर्षी त्यांची नोकरीही गेली. इथे ना वाहिनी होती ना निर्माता. शिखर दिसले म्हणजे झाले, वाट कोण विचारतो, हा हिशेब तेवढा टीव्हीवरचाच होता.

आता दुसरा दाखला आमच्या विदर्भाचा. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांत शिकणारे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य' या उपक्रमातून त्यांची निवड झाली होती. कित्येक महिने त्यांनी कसून तयारी केली होती. त्यांच्याजवळ प्राणवायूच्या नळकांड्या होत्या, वाटेवर दोर बांधलेले होते, सोबत शेर्पा होते. ही गोष्ट कोणी लपवली नाही आणि तिच्यामुळे त्यांचे मोठेपण तसूभरही कमी झाले नाही. जी मुले त्याआधी बर्फाच्या डोंगराजवळही गेली नव्हती, त्यांना शिक्षण, साधने आणि साथ मिळाली तर ती कुठवर पोहोचतात, हेच त्यातून दिसले. आमच्या पोरांना ही गोष्ट सांगताना प्रशिक्षणाचे महिने आधी सांगावेत आणि शिखर नंतर सांगावे.

दोर असण्यात लाज नाही. दोर लपवण्यात लबाडी आहे.

दोर कोणाला आणि धोका कोणाला?

इथवर आलो तर आणखी एक पायरी उतरू. धाडसाच्या चित्रीकरणात धोका खोटाच असतो असेही नाही. ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह आयर्विन, मगरींशी झोंबणारे म्हणून जगभर प्रसिद्ध झालेले, ४ सप्टेंबर २००६ रोजी समुद्रात चित्रीकरण चालू असतानाच पाकट माशाचा काटा छातीत घुसून मरण पावले. धोका असतोच. तो वाटला कसा जातो, हे पाहायला हवे.

डिस्कव्हरी वाहिनीने २०१४ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या माथ्यावरून पंखांचा पोशाख घालून उडी घेणाऱ्या एका अमेरिकन साहसवीराचे थेट प्रक्षेपण ठरवले होते. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू हिमप्रपातात बर्फाचा प्रचंड कडा कोसळला. सोळा नेपाळी कामगार गाडले गेले. त्यांत बहुतेक शेर्पा होते. परदेशी गिर्यारोहकांसाठी वाट तयार करण्याचे आणि सामान वाहण्याचे काम ते करत होते. त्या उडीच्या चमूसाठी काम करणारे शेर्पाही मृतांत होते. वाहिनीने उडी रद्द केली, ते योग्यच झाले. पण उडी पार पडली असती तर जगाने एकच चेहरा पाहिला असता. तो चेहरा त्या उंचीवर पोहोचावा म्हणून बर्फात शिड्या लावणारे हात कोणाला दिसले असते?

आपल्याकडचाच एक प्रसंग सिनेमाचा आहे, पण मुद्दा तोच. ७ नोव्हेंबर २०१६ रोजी बंगळुरूजवळच्या एका जलाशयात कन्नड चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. हेलिकॉप्टरमधून तिघांनी पाण्यात उड्या घेतल्या. नायकाने पाण्यावर तरंगवणारे जाकीट घातले होते. तो वाचला. त्याच्यासोबत उडी घेणाऱ्या दोघा साहसदृश्य कलाकारांच्या अंगावर तसे जाकीट नव्हते. दोघेही बुडून मेले. तीन उड्या सारख्याच उंचीवरून, सारख्याच पाण्यात. फरक फक्त जाकिटाचा.

आमच्याच जंगलात

आता नागपूरच्या वेशीबाहेर पडू. पेंच, ताडोबा, उमरेड-करांडला ही नावे ऐकून देशोदेशीचे पर्यटक येतात. टीव्हीवर पाहिलेला थरार त्यांना आता स्वतः अनुभवायचा असतो, आणि तोही दिलेल्या चार तासांत. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-करांडला अभयारण्यात एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह वाटेवर आली. पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी तिची वाट अडवली. तिला जायला जागा उरली नाही आणि गाड्यांतले मोबाइल मात्र चालूच राहिले. ती दृश्ये सर्वत्र पसरली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाडीचालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली. या प्रसंगात चित्रीकरणाचा चमू नव्हता, दिग्दर्शक नव्हता. तरीही प्रसंग 'रचला' गेला, कारण प्रत्येकाला आपल्या पडद्यासाठी वाघीण जवळून हवी होती.

आणि त्याच वाघांच्या रानात रोज पायी जाणारे लोक कोण आहेत? ताडोबात २० नोव्हेंबर २०२१ रोजी एक महिला वनरक्षक तीन वनमजुरांना सोबत घेऊन व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघाली होती. वाटेत वाघीण होती. तिने हल्ला केला आणि ती बाई कामावरच मेली. वाघ किती आहेत हे देशाला कळावे म्हणून ती चालत होती. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. मार्च-एप्रिलात मोहफुले वेचायची, मेमध्ये तेंदूपाने तोडायची. उन्हाच्या आधी, पहाटेच्या अंधुक उजेडात रानात शिरायचे. वाकून काम करायचे, म्हणजे पाठीमागून काय येते तेही दिसत नाही. वर्षभराच्या मीठमिरचीला, लेकरांच्या वह्यापुस्तकांना तेवढाच पैसा मिळतो.

टीव्हीवरचा नायक रानात शिरतो तेव्हा संगीत वाजते. या बाया शिरतात तेव्हा काही वाजत नाही. त्यांच्या कमरेला पट्टा नाही, मागे डॉक्टर नाही, कानात यंत्र नाही. मेल्यावर एक दिवस बातमी येते, नुकसानभरपाईचे कागद फिरतात, आणि दुसऱ्या दिवशी शेजारची बाई त्याच रानात जाते. ती जाते ती हौसेने नव्हे. म्हणून तिच्या जाण्याला कोणी 'साहस' म्हणत नाही.

आमच्या मते रचलेल्या साहसाचे सर्वांत मोठे नुकसान इथे आहे. खोट्या तराफ्याने कोणाचे काही बिघडत नाही. पण सोयी लपवून दाखवलेले धाडस पाहता पाहता, माणसाला सोयींची गरजच नसते अशी आपली समजूत होऊन बसते. मग जंगलात जाणाऱ्या बाईला सोबत पहारा हवा, वनमजुराला साधने हवीत, गटाराच्या चेंबरमध्ये उतरणाऱ्याला मुळात उतरावेच लागू नये, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. टीव्हीवरचा माणूस पाहा कसा सारे उघड्या हाताने करतो! करत नाही तो. त्याच्यामागे वीस हात असतात. तेच हात आमच्या माणसांच्या मागेही असावेत, हे मागणे मागायचे आहे.

घरी एवढे करा

टीव्ही बंद करा असे आम्ही सांगणार नाही. असे कार्यक्रम पाहून पोरांना नकाशे, प्राणी, डोंगर, नद्या यांची ओढ लागते, तीही काही कमी नव्हे. फक्त आठवड्यातून एकदा तरी त्यांच्या शेजारी बसा आणि हे प्रश्न खेळासारखे विचारा.

१. हे चित्र घेणारा माणूस कुठे उभा आहे? तो तिथे कसा पोहोचला असेल?

२. या दोन दृश्यांच्या मध्ये काय कापले असेल? आत्ता ऊन होते, लगेच सावली कशी पडली? कपडे भिजले होते, ते वाळले कधी?

३. नायक घसरला असता तर त्याला कोणी धरले असते?

४. त्या रानात मूळचे राहणारे लोक कोण? ते आपल्याला का दिसले नाहीत?

पोरे या प्रश्नांत फार तरबेज असतात. दोन दिवसांत ती मोठ्यांच्या आधी चुका पकडू लागतील. पकडू द्या. आणि कोणी म्हणाले, "मीपण करून पाहतो," तर त्याला पोहण्याच्या वर्गात घाला, गिर्यारोहण शिकवणाऱ्या एखाद्या चांगल्या संस्थेत पाठवा. दोराची गाठ कशी मारतात हे आधी शिकू द्या.

आणखी एक. कार्यक्रम संपला की पडद्यावर नावे सरसर वर जाऊ लागतात. तेवढ्यात कोणी तरी वाहिनी बदलतो. ती नावे एकदा थांबवून मुलांसोबत वाचा. मोबाइलवर तर थांबवताही येतात. कॅमेरा, आवाज, सुरक्षा, वैद्यकीय मदत, स्थानिक साहाय्य. जो माणूस पाऊण तास 'एकटा' होता, त्याच्यासाठी किती माणसे राबली, ते मुलांनाच मोजू द्या.